लोमे खेळतंय तोवर

आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात, आणि माझ्या मते आख्ख्या भारतात, पश्चिम आफ्रिकेतल्या बेसबॉलवर माझ्या मावशीच्या मिस्टरांइतकं ठामपणे चुकीचं बोलू शकणारा दुसरा माणूस नाही. असला तर मला आणून दाखवा, मी चहा पाजते. तिकडं घाना, टोगो, बेनिन, आयव्हरी कोस्ट असे एकाला एक लागून देश आहेत, त्यांच्यातल्या मोठ्या शहरांचे संघ आहेत, आणि ते पोटापाण्यासाठी, म्हणजे पगार घेऊन, एकमेकांशी बेसबॉल खेळतात. हे मला तरी कुठं माहीत होतं! पण काकांना आता असं वाटतं की ही लीग आमच्या मुरुम गावच्या मार्केट यार्डातच सुरू झाली आणि नंतर कुणीतरी ती उचलून समुद्राकडं नेली. काका मार्केट यार्डात हमाल. हमालांच्या टोळीचे मुकादम. म्हणजे ट्रक आला की खाली कोण, फळीवर कोण, थप्पीवर कोण हे काका ठरवणार, आणि साठी ओलांडली तरी पहिलं पोतं स्वतः उचलल्याशिवाय दुसऱ्याला उचल म्हणणार नाहीत. तूर, उडीद, सोयाबीन, जे म्हणाल ते त्यांच्या पाठीवरून गेलेलं आहे. पाहुणे आले आणि त्यांनी नुसतं "काय म्हणतंय पाऊसपाणी?" विचारलं तरी काका म्हणणार, "पावसाचं सोडा वो, लोमेवाल्यांचं काय चाललंय ते ऐका." लोमे म्हणजे टोगो देशाची राजधानी. पाहुण्यांना वाटतं काकांनी तिकडं जमीन घेतली.

सुरुवात कशी झाली ते सांगते. मी उमरग्याला कॉलेजला जाते आणि राहते मुरुमला मावशीकडं. एका संध्याकाळी काकांना क्रिकेट बघायचं होतं, आणि फुकटात दिसेल अशी लिंक शोधायची जबाबदारी घरात कायम माझी. मी एक लिंक उघडली, मोबाईल टीव्हीला जोडला, आणि समोर क्रिकेटच्या जागी लाल मातीचं मैदान, टोप्या घातलेले खेळाडू आणि फ्रेंचमधे धो धो बोलणारा एक माणूस. मी बदलणार तेवढ्यात काका पुढं सरकले. "थांब पोरी. हे काय? हा खाली बसल्याला मानूस मांडीच्या आड बोटं दावतोय बघ." मी पटापट मोबाईलवर वाचून सांगितलं की काका, हा बेसबॉल, तो कॅचर, आणि समोरच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, कुठला बॉल टाक ते तो खुणेनं सांगतोय. काकांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की कॉलेजची सगळी फी वाया गेली. "खुळी हायीस का? भाव सांगतोय त्यो! आन रुमाल कुठाय ह्येंचा? उघड्यावर सौदा?"

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पूर्वी आमच्या यार्डात व्यापारी मालाचा भाव तोंडानं बोलायचे नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे, शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. आता सगळं उघड लिलावानं चालतं. पण काकांनी तरुणपणी पाठीवर पोतं घेऊन उभं राहून असले हजारो सौदे बघितलेत, रुमालाची नुसती हालचाल बघून भाव ओळखायचे म्हणे. त्यामुळं टीव्हीवर कॅचरनं बोटं दाखवली आणि पिचरनं मान हलवली, की काका गुडघ्यावर थाप मारून म्हणणार, "पटला न्हाय भाव." परत बोटं. "वाढवला, वाढवला." पिचरनं होकार दिला की, "हां! झाला सौदा!" मी विचारलं, काका, मग तो दांडकं घेऊन उभा आहे तो कोण? "त्यो तिसरा. ह्यांचा सौदा मोडायला आल्याला." आणि मागं वाकून उभा आहे तो? म्हणजे अंपायर? काका एक सेकंदसुद्धा थांबले नाहीत. "त्यो बाजार समितीचा मानूस. कुनाचंच ऐकत न्हाय, म्हंजे त्योच." आणि खरं सांगू का, पुढचा आख्खा हंगाम मी नियम वाचून वाचून थकले, पण काकांच्या या हिशेबानं बघितलं तरी खेळ बरोबर कळत होता, हीच तर माझी अडचण!

संघ निवडायला काकांना फार वेळ लागला नाही. पडद्यावर निळे कपडे घातलेले लोमेवाले आले. काकांनी एकदा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं, एकदा टीव्हीकडं, आणि विषय संपला. "हे आपले." निळे आपले यावर आमच्या घरात कधी मतदान होत नाही. प्रॉब्लेम एवढाच की आपले शेवटच्या नंबरावर होते.

खेळाडूंची नावं काकांना घेता यायची नाहीत, म्हणजे प्रयत्नच केला नाही त्यांनी. त्यांनी सगळ्यांना कामावर ठेवल्यासारखी नावं दिली. पहिल्या बेसवर, म्हणजे पळणाऱ्यानं गाठायच्या पहिल्या ठिकाणावर, एक पाय चिकटवून उभा राहणारा तो 'खांब'. लांब मैदानात कुठंही बॉल जाऊ दे, बरोबर तिथं जाऊन घेणारा तो 'पोस्टमन'. आणि लोमेचा सगळ्यात वयस्कर पिचर, दाढीत पांढरं आलेला, बॉल टाकायच्या आधी सगळ्या संघाकडं एकदा शांत नजर फिरवणारा, त्याला काकांनी स्वतःचंच पद देऊन टाकलं. 'मुकादम'. दुसऱ्या दिवसापासून टोळीतली माणसं काम संपलं की हातपाय धुऊन आमच्या घरी. तिकडं दुपारचा खेळ असला की इकडं दिवस मावळायची वेळ, अगदी सोयीची. सतरंजीवर सात-आठ हमाल, मधे काका, आणि फ्रेंच माणसाचा आवाज बंद करून काकांची कॉमेंट्री चालू. बॉल रेषेबाहेर गेला की काका म्हणणार, "माल सांडला." चार बॉल चुकीचे पडले आणि बॅटवाल्याला फुकटात पहिला बेस मिळाला की काकांचं डोकं उठणार. "काय काम केलं ह्येनं? नुसतं उभा राह्यला! आपल्यात असं उभा राहिल्यावर कोन देतंय का?" कुणी धावत जाऊन आऊट झाला की, "मोकळ्या हातानं पळत्यात आन तरी दमत्यात. पाठीवर सोयाबीनचं एक पोतं द्या म्हनावं, मंग बघू." एकदा लोमेच्याच एका पोरानं सगळ्यांची नजर चुकवून बेस चोरला, म्हणजे कुणी बॉल मारायच्या आधीच पळत पुढचा बेस गाठला. टोळीतला एक तरुण हमाल, मुरुमच्या पलीकडच्या तांड्यावरचा, तो खुशीत टाळ्या वाजवायला लागला. काका लई नाराज. "चोरला म्हंजे? ज्याचा हाय त्येला इचारलं का? आन वर टाळ्या?" दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला दिवसभर ट्रकच्या आत, धुळीत, कोपऱ्यातली पोती ओढायला लावली. त्यानं विचारलं, "काका, म्या काय केलं?" काका म्हणाले, "टाळ्या."

मग खुणांचं खूळ घुसलं. तिसऱ्या बेसजवळ उभा राहून कोच स्वतःच्या कानाला, टोपीला, कोपराला हात लावून पळणाऱ्यांना निरोप देतो, ते काकांना इतकं आवडलं की घरात बोलणंच बंद. कान म्हणजे चहा. टोपी म्हणजे जेवायला वाढ. कान, टोपी आणि दोनदा कोपर म्हणजे अर्धी भाकरी अजून, पण आमटी नको. मावशी चुलीपाशी बसून शांतपणे बघायची आणि पिचरसारखी मान हलवायची. काका हळूच मला सांगायचे, "पटला न्हाय भाव," आणि पहिल्यापासून कान, टोपी, कोपर. काकांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा काका ओसरीत बसून मावशीला खुणेनं विचारत होते की पोह्यांना वेळ आहे का. मुलाच्या आत्यानं मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "तुमच्या काकांना अंगाला खाज सुटायचा त्रास हाय का? आमच्याकडं अणदूरला लई चांगला डॉक्टर हाय." लग्न जमलं, हा भाग वेगळा.

पण मुद्दा हा की या सगळ्या गमतीत एक गोष्ट गमतीची नव्हती. काकांचा उजवा खांदा. सोयाबीनच्या हंगामात तो गेलाच. डॉक्टरांनी फोटो काढला, आणि काकांसमोर नाही पण मावशीला स्पष्ट सांगितलं की असंच ओझं उचलत राहिले तर हा हात पुढं घास तोंडापर्यंत न्यायच्याही कामाचा राहणार नाही.  घरी आल्यावर तिनं काकांचा हुक, पोत्यात रुतवायचा तो लोखंडी हुक, त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "बास आता. ठिवा ह्यो." काका हसण्यावारी न्यायला लागले. मावशी हसली नाही. मग काकांनी टीव्हीकडं बोट केलं. "लोमेवाले खेळतायत तोवर. ज्या दिशी लोमे बाद, त्या दिशी हुक खाली. शब्द देतो." आमच्या काकांच्या शब्दाबद्दल सांगायचं तर यार्डातले व्यापारी कागद करत नाहीत, काका 'व्हय' म्हणाले की ट्रक सोडतात. मावशीला हे माहीत होतं. ती मला आत घेऊन गेली. "पोरी, खरं सांग, किती दिस टिकतील हे निळे?" मी म्हटलं, मावशी, शेवटचे आहेत ते, खालचे दोन संघ महिन्याभरात बाहेर जाणार. त्या दिवशी मला धपाट्यांबरोबर दह्यावर साय मिळाली.

आणि लोमेवाले जिंकायला लागले! म्हणजे असे की काही विचारू नका. मुकादम एकामागून एक संघ झोपवतोय, पोस्टमन भिंतीवर चढून बॉल काढतोय, खांब दांडक्यानं बॉल मैदानाबाहेर फेकतोय. काकांची छाती फुगत चालली आणि मावशीचा चेहरा उतरत. ती बिचारी आता लोमेविरुद्ध जो कुणी असेल त्याच्या बाजूनं. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "आज समोर कोन हाय? कोटोनू? खेळा रं बाबांनो, जरा मन लावून खेळा." हमालांना ओरडायची सोय नाही, कारण चहा तिच्या हातात. नियम तिला काकांपेक्षा चांगले कळायला लागले. एकदा काका "आऊट न्हाय, आऊट न्हाय!" म्हणून नाचत होते तेव्हा ती तिथूनच म्हणाली, "पाय बेसला लागायच्या आदी बॉल आला की वो. बसा खाली." काका बसले. सेमीफायनलला आयव्हरी कोस्टच्या अबिजानवाल्यांनी आघाडी घेतली तेव्हा मी मावशीला पहिल्यांदा पदराआड हसताना बघितलं. आणि मग कॅमेऱ्यानं प्रेक्षकांत एक बाई दाखवली. डोक्याला रंगीत फडकं बांधलेली म्हातारी, मुकादम बॉल टाकायला लागला की दोन्ही हातांनी डोळे झाकणारी, आणि बॉल पडल्यावर बोटांच्या फटीतून बघणारी. मुकादमाची आई. तेवढं सांगायला फ्रेंच लागत नाही. मावशी ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. चहा निवला. मग ती सतरंजीच्या कडेला येऊन बसली आणि कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "जिंकू द्या बाई तिच्या लेकाला." लोमे फायनलला गेलं. काका एवढे खूश की खुणा विसरून तोंडानं बोलले.

फायनल आक्राशी, म्हणजे घानाच्या राजधानीशी. आमच्या घरात बसायला जागा नव्हती, टोळीतली काही माणसं खिडकीच्या बाहेर उभी. लोमे एका रननं पुढं, आणि मुकादम सुरुवातीपासून एकटाच बॉल टाकतोय. शेवटचे दोनच डाव राहिले होते. सगळे ओरडत होते, एकजण तर आधीच गुलाल आणायला निघाला होता. मी सहज काकांकडं बघितलं तर काकांचं लक्ष नुसतं मुकादमाच्या हातावर. पुढं वाकलेले, टीव्हीत शिरतील एवढे. मुकादमानं बॉल टाकला, बॅटवाला चुकला, सगळ्यांनी आरोळी ठोकली, आणि काका हळू आवाजात म्हणाले, "काढा त्येला."

कुणाला कळेना. काका उठून उभे राहिले. "काढा म्हन्तोय ना! कोच कुठं मेलाय?"

तांड्यावरचा तो तरुण म्हणाला, "काका, त्यो गेला की गेलं की वो सगळं. आन मंग तुमचं..."  सगळ्यांना माहीत होतं तुमचं म्हणजे काय.

"टोपी डाव्या हातानं सरळ करतोय त्यो," काका म्हणाले. "मगापासनं. उजवा वर जात न्हाय त्येचा. बॉल टाकतोय कसा त्येचं त्येलाच म्हाईत. काढा रं त्येला, मोडंल त्यो!" तेवढ्यात मुकादमानं परत टोपीला हात लावला. डावा. मावशीनं टीव्हीकडं बघितलं नाही, काकांकडं बघितलं. गेले कित्येक दिवस काका भांग डाव्या हातानं पाडतायत हे त्या घरात तिच्याशिवाय कुणालाच दिसलं नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि मी रोज समोर बसते.

पुढच्या बॅटवाल्याला चार बॉल चुकीचे पडले आणि मग लोमेचा जाडा कोच बाहेर आला. सावकाश चालत. मुकादमासमोर उभा राहिला आणि नुसता हात पुढं केला, बॉल दे म्हणून. मुकादम देईना. मान हलवली. आमच्या घरात या वेळी कुणी सौद्याचं बोललं नाही. कोच हात तसाच धरून थांबला, घाईसुद्धा केली नाही. शेवटी मुकादमानं बॉल त्याच्या हातावर ठेवला आणि खाली बघत चालायला लागला, तसं आख्खं मैदान उभं राहिलं. आक्राचे प्रेक्षकसुद्धा. काका उभेच होते. मग आमची सतरंजी उभी राहिली, खिडकीतले तर आधीपासूनच उभे, आणि मुरुमच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत हमालांनी अशा टाळ्या वाजवल्या की शेजारची पोरं काय झालं म्हणून बघायला आली.

नवीन आलेला पोरगा घाबरला होता. आक्रानं दोन रन काढले आणि लोमे हरलं. काकांनी अर्थातच सगळा दोष अंपायरवर टाकला. "बाजार समितीचा मानूस, कधी गरिबाच्या बाजूनं निकाल दिलाय का?" मग टोळीनं वकिली सुरू केली. एकजण म्हणाला, फायनल हरणं म्हणजे बाद होणं नव्हे, दुसरा नंबर आला की आपला. दुसरा म्हणाला, पुढच्या हंगामात आहेतच की लोमेवाले, म्हणजे खेळतायतच. मुद्दे चांगले होते, मला पटत होते. काका मावशीकडं बघत होते. मावशी रिकामे कप गोळा करत म्हणाली, "मला काय इचारताव? तुमचा शब्द, तुमचा खांदा." आणि आत गेली. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर शोधून सापडला नसता.

सकाळी काका नेहमीच्या वेळेला यार्डात गेले. डोक्याला पंचा बांधून, ऐटीत. पहिला ट्रक लागला तसा सगळ्यांना जवळ बोलावलं आणि हुक त्या तांड्यावरच्या तरुणाच्या हातात दिला. "आजपासनं मुकादम तू." तो रडायलाच लागला. "काका, मी तर टाळ्या..." "म्हनूनच," काका म्हणाले. "कुनाची नजर कवा चुकती ते तुला कळतंय. मुकादमाला तेवढं कळावं लागतं. आता जा फळीवर, ट्रकवाला वरडतोय." आणि घरी येऊन खुणेनं चहा मागितला.

आता काका दिवसभर घरी असतात. खांदा बराय, शेकायला मावशी आहे. दुपारी आडवे होतात, उठतात, ओसरीत बसतात. मला वाटलं होतं हा माणूस घरी बसून आम्हाला वेडं करणार, पण तसं काही नाही. फक्त अधूनमधून मधेच काहीतरी विचारतात. परवा मी कॉलेजातून आले तर म्हणाले, "पोरी, त्यो मुकादम आता काय करत आसंल गं?"

मी मोबाईलवर शोधलं होतं आधीच. तो खेळायचा थांबला एवढंच कळलं, पुढचं काही कुणी लिहिलेलं नाही. मी म्हटलं, "आराम करत असेल काका. घरी. आईजवळ."

काकांनी मान हलवली. "न्हाय. मैदानाच्या दारात उभा आसंल."

तेवढ्यात मार्केट यार्डाच्या अंगाला ट्रकचा हॉर्न वाजला. काका उठले, पायात चपला घातल्या. मावशीनं आतून विचारलं, "कुठं निघालाव?"

"कुठं न्हाय," काका म्हणाले. "दारातच हाय."